तूप-भाकरीचा गोळा

आमच्या घरात एक गोष्ट ठरलेली होती. संध्याकाळी सासरे शेतातून आले, हातपाय धुऊन ओट्यावर बसले, की ताटातली गरम भाकर ते आधी स्वतःसाठी मोडत नसत. भाकर दादरची, म्हणजे आमच्याकडच्या रब्बीच्या ज्वारीची. तिचा एक कोपरा कुस्करायचा, त्यावर तूप आणि चिमूटभर गूळ घालायचा आणि बोटांनी दाबून दाबून त्याचा लिंबाएवढा गोळा करायचा. मग हाक मारायची, "ये वं बाई!" माझी चार वर्षांची मुलगी जिथे असेल तिथून धावत यायची, त्यांच्या मांडीवर बसायची आणि डोळे मिटून तोंड उघडायची. डोळे का मिटायची ते तिलाच ठाऊक. तेवढा गोळा गेला की पुढचं सगळं जेवण ती त्यांच्याच ताटात जेवायची.

मी वाढलेलं ताट मात्र तिला विषासारखं वाटायचं. मी चिडायचे. चार चार वेळा "आ कर, आ कर" म्हणून माझं तोंड दुखायचं, आणि आजोबांच्या एका हाकेवर ही बया अर्धी भाकर फस्त करायची. सासूबाई वरून मला म्हणायच्या, "तुन्हा हातमां गोडी नही." मी नंदुरबारची, शहरातली. इथे तळोद्याच्या रस्त्याला, शेतातल्या घरात लग्न करून आले. शिलाई मशीन आणि जीभ या दोनच गोष्टी माहेराहून आणल्या असं सासरे म्हणतात. दोन्ही चालू असतात म्हणून म्हणत असतील. पण खरं सांगते, ते दोघं ताटावर बसलेले बघितले की माझा राग टिकत नसे.

त्या वर्षी उसात बिबट्या आला. तसा तो दर वर्षीच येतो, पण त्या वर्षी शेजारच्या मळ्यातलं मोठं राखणीचं कुत्रं त्याने भर अंगणातून उचलून नेलं. सासऱ्यांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकच धोसरा लावला, कुत्रं पाहिजे. आमचं जुनं कुत्रं म्हातारं होऊन मेलं होतं, त्यानंतर आणलंच नव्हतं. आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, सातपुड्यातल्या काठी गावाकडचा. होळीला तो वर डोंगरात आपल्या गावी गेला, तो परत येताना जीपमधून शर्टाच्या आत एक पिल्लू घेऊन आला. तांबूस रंगाचं, पोटाशी पांढरं. आणि कान असे लांब, की पाणी प्यायला वाकलं तर आधी कान भिजायचे आणि मग जीभ.

सासऱ्यांनी पिल्लू माझ्या मुलीच्या पुढ्यात ठेवलं. "हाई आपलं नवं कुत्रं. सांभाळ बरं याले."

तिने बराच वेळ बघितलं आणि जाहीर केलं, "हाऊ मन्हा भाऊ शे."

"ओ माय! कुत्राले कोनी भाऊ म्हनस का?" सासूबाई म्हणाल्या.

"मंग मले दुसरा भाऊ आनी द्या."

यावर घरातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी गॅसवर काही ठेवलंय असं दाखवून आत पळाले. झालं, पिल्लाचं नाव भाऊ पडलं आणि त्यात कुणाला बदल करता आला नाही.

त्या दिवसांत मला रोज एक धक्का बसत होता. एकदा मुलगी आणि पिल्लू एकाच वाटीत तोंड घालून दूध पिताना सापडले. एकदा माझ्याकडे शिवायला आलेल्या बाईचा ब्लाउज पिल्लाच्या अंगात होता, बाह्या पुढच्या पायांत घालून, हूक लावून. ती बाई ओट्यावर बसून चहा पीत होती आणि तिच्याच समोरून तो ब्लाउज अंगण ओलांडून गेला. मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सासरे मात्र हसून हसून खोकायला लागले.

पण एक गोष्ट मला मनापासून आवडली होती. माझ्या मुलीला तान्ही असल्यापासून कानाची पाळी धरून झोपायची सवय. माझ्या कानाची. दुपार असो, रात्र असो, दोन बोटांत पाळी धरायची, चोळत राहायची आणि झोपायची. माझा उजवा कान चार वर्षं दुखत होता म्हटलं तरी चालेल. पिल्लू आलं आणि तिने माझा कान सोडला. दुपारी ओसरीत गोधडीवर ती आणि पिल्लू आडवे व्हायचे, ती त्याचा तो लांब, मऊ कान दोन बोटांत धरायची आणि दोघंही पडल्या पडल्या झोपायचे. मी मशीनवर बसून ते बघायचे. सुटले बाई एकदाची, असं म्हणायचे, आणि थोडं वाईटही वाटायचं.

तिचे स्वतःचे कान अजून टोचायचे राहिले होते. आमच्यात मामाच्या मांडीवर बसवून टोचतात, आणि मामा सुरतला कामाला. कधी त्याला सुट्टी नाही, कधी इकडे कुणाचं आजारपण, असं करत करत पोर चार वर्षांची झाली. सासूबाईंच्या जिवाला ते लागलं होतं. त्या दिवसातून एकदा तरी तिचा कान चिमटीत धरून म्हणायच्या, "आते तुन्हा कानसनी बारी शे हां." आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी मामा येणार असं ठरलं होतं.

तर तो दिवस. सकाळी मी गच्चीवर मिरच्या पसरत होते. खालून एकदा आवाज आला, तो मी पिल्लाचा नेहमीचा म्हणून सोडून दिला. थोड्या वेळाने पुन्हा आला. पिल्लू ओरडतं, केकाटतं, ते मला ओळखू येत होतं. पाय दारात सापडला तरी ते केकाटायचं. हा आवाज तसा नव्हता. मला वाटलं गाडीखाली आलं. हाताला मिरच्यांचं तिखट तसंच, मी जिना उतरून खळ्यात धावले.

खळ्यात बाजेवर सासरे बसले होते. त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मधे पिल्लू होतं. सालदाराने त्याचे पाय धरले होते. सासऱ्यांच्या हातात माझी कात्री होती, मशीनच्या खणातली, कापड बेतायची. पिल्लाचं डोकं रक्ताने भरलं होतं आणि एका बाजूला कानच नव्हता. मी बघत असतानाच त्यांनी दुसरा कान बोटांत ताणला आणि कात्री मिटली.

मी, जिची जीभ चालते म्हणून गावात ख्याती, मी तिथे नुसती उभी. आणि मग मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या चाकाशी माझी मुलगी दिसली. उभी होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती. दोन्ही हात कानांवर घट्ट दाबलेले, आणि डोळे आजोबांच्या हातावर.

मी तिला उचललं आणि घरात पळाले. माझ्या हाताचं तिखट तिच्या गालाला लागलं असणार, गाल लाल झाला, तरी तिने हूं की चूं केलं नाही. मी तिचं तोंड धुतलं, पाणी पाजलं. पाणी ओठांवरून खाली आलं.

सासरे आत आले तेव्हा मी दारातच त्यांना गाठलं. एवढ्या वर्षांत मी त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. "बाबा, हाई काय करं तुम्ही?"

ते खरोखर गोंधळले. मी कशाबद्दल बोलते आहे हेच त्यांना समजेना. "काय करं म्हणजे? कुत्राना कान कापात. तुन्हा माहेरले कुत्रं नही का?"

"इतलंसं पिल्लू ते!"

"इतलंसं शे तव्हयच कापानं ऱ्हास. उद्या बिबट्यानी कानले धरी लिन्हं म्हणजे? मन्ही नात दिवसभर त्याना संगे खेयस. कुत्रं तेज नको का?"

म्हणजे त्यांनी ते तिच्यासाठी केलं होतं. हे ऐकल्यावर तर मी भिंतीलाच टेकले. माणूस रागाने, दुष्टपणाने काही करतो तेव्हा त्याला काय म्हणायचं ते ठाऊक असतं. हा माणूस मायेने माझी कात्री घेऊन बसला होता. त्यांनी ती कात्री धुऊन, फडक्याने पुसून माझ्या मशीनच्या खणात परत जागेवर ठेवलीही. मी त्या कात्रीने त्यानंतर आजवर कापड कापलेलं नाही.

नवरा तळोद्याला शाळेत शिकवतो. तो आल्या आल्या मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, हा तरी हादरेल. मुलांना शाळेत प्राण्यांवर दया करा म्हणून शिकवतो. त्याने गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाला, "आपलाकडे समदाच कुत्रासना कापतस. तू कसाले इतली चिडी ऱ्हायनी?" लहानपणी घरातल्या कुत्र्याचे कान कापताना त्याने स्वतः पाय धरले होते म्हणे. ज्या माणसाबरोबर सात वर्षं संसार केला, त्याच्या तोंडाकडे मी नव्याने बघितलं. काय राग करणार? त्याला त्यात वावगं काही दिसतच नव्हतं.

सगळ्यात मोठा धक्का संध्याकाळचा. सासूबाई भाकरी थापत होत्या, मी शेजारी बसून ताटं पुसत होते. त्या सहज, भाजीत मीठ घातलं का विचारावं इतक्या सहज म्हणाल्या, "पहिलाच कान कसा खाई ग्या. शेपटी हालाईसन."

"कोन?"

"कुत्रं. सोताना कान खादा म्हणजे कुत्रं तेज व्हस ना. तुन्हा सासरानी तूप-भाकरमां गोळा करीसन दिन्हा. हात चाटीसन खादा त्यानी."

माझ्या हातातलं ताट पडलं. तूप-भाकरीचा गोळा. कापलेला कान भाकरीत दाबून, तूप लावून, त्यालाच चारला. आणि त्याने शेपटी हलवत खाल्ला, आणि हात चाटला. मी विचारलं, पोर तेव्हा कुठे होती? त्यांनी भाकर उलटली. "पोर तव्हय घरमांच व्हती. ती मांगतीन उनी." ती नंतर आली, दुसऱ्या कानाच्या वेळी. मी तेवढा एक श्वास सोडला. निदान तेवढं तरी तिने बघितलं नाही, असं मी धरून चालले.

तेवढ्यात ओट्यावरून हाक आली, "ये वं बाई!"

ती माझ्या मागे उभी होती. गेली नाही. पुन्हा हाक आली. तिने माझा पदर दोन्ही हातांनी धरला. सासरे गोळा हातात घेऊन दारापर्यंत आले, वाकले, हसले. ती किंचाळली. एवढ्याशा पोटात तो आवाज कुठून आला कळेना. सासरे गोळा हातात तसाच धरून मागे सरले. त्या रात्री ती उपाशी झोपली. माझा कानसुद्धा तिने धरला नाही. स्वतःचेच धरून झोपली.

दुसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतून कानटोपी काढली. लोकरीची, थंडीतली. डोक्यात घातली आणि हनुवटीखाली बांधून घेतली. आमच्याकडचा चैत्र म्हणजे काय ते ज्याने काढला त्यालाच ठाऊक. दुपारी पत्र्याला हात लागत नाही. पोरीच्या कपाळावरून घाम ओघळतोय, मानेवर घामोळं उठलंय, आणि टोपी काढू देत नाही. आंघोळीला काढली तर हात कानांवर. मी समजावलं, रागावले, एकदा जोर करून ओढलीही. तिने माझा हात चावला.

दुसरं म्हणजे ती ओरडायला लागली. पिल्लाशी बोलताना गळा फाडून ओरडायची. "भाऊ! दूध पी ले! भाऊ! आठे ये!" शेजारच्या मळ्यात ऐकू जाईल असं. मी कपाळावर हात मारला. "इतली जोरमां काबर वरडस, बाई?"

"त्याले कान नहीत ना आते," ती म्हणाली. मला इतकंही कळत नाही असा चेहरा करून.

मी मशीनवरून उठले आणि न्हाणीत जाऊन रडले.

पिल्लाला मी नवऱ्याच्या गाडीवर मांडीत घेऊन तळोद्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जखम धुतली, औषध लावलं, इंजेक्शन दिलं. आमच्याकडे बघून जे काही बोलले ते मी मान खाली घालून ऐकलं. नवराही ऐकत होता. येताना शेताच्या वळणावर गाडी हळू करून म्हणाला, "मन्हा हातमांच पाय व्हतात त्याना, तव्हय. मी तव्हय सहा वर्षना व्हतू." एवढंच. मग गिअर टाकला.

आणि सासरे? माझा राग सगळ्यात जास्त गोंधळायचा तो त्यांच्यामुळे. ज्या दिवशी कान कापले, त्या दिवसापासून ते पिल्लाला सोडत नव्हते. मांडीत घेऊन हळद लावायचे, माशा वारायचे, दुधात भाकर कालवून बोटाने चाटवायचे. पिल्लू त्यांना बघून शेपटी हलवत पोटावर लोळायचं. त्याच्या मनात काही नव्हतं. ओसरीच्या दारातून माझी मुलगी कानटोपी घालून हे बघायची आणि ओरडायची, "भाऊ! जाऊ नको! जाऊ नको तठे!" पिल्लू जायचंच.

आधी सासऱ्यांनी ते हसण्यावारी नेलं. मग त्यांना राग आला. एके दिवशी त्यांनी ताट सरकवलं आणि मला म्हणाले, "तूच तिले मन्हाबद्दल काहीतरी शिकाडी दिन्हं."

"मी काहीच नही शिकाडं, बाबा. तिनी सोताना डोयानी देखं."

"रगत देखं तिनी. पोरं भूलतस रगत."

ते रोज गोळा करतच होते. हाक मारत नव्हते. गोळा करायचा, ताटाच्या कडेला ठेवायचा, आपलं जेवायचं. जेवण झालं तरी गोळा तिथेच. मग तो उचलून पिल्लाला. मी ताटं उचलायला जायचे तेव्हा ते दुसरीकडे बघायचे. पोर भाकरीला शिवत नव्हती. भात खायची, बिस्किट खायची, पण हाताने दाबलेलं, कालवलेलं काहीही तोंडाजवळ नेलं की तोंड घट्ट. मला वाटायचं, रक्ताची भीती बसली आहे, जाईल.

मग आखाजीच्या आधी माझा भाऊ सुरतहून आला. पोरीचे कान टोचायचे. मी सासूबाईंना म्हणाले होते, आता नको, पुढच्या वर्षी बघू. त्यांनी ऐकलं नाही. पाव्हणा आलाय, सोनार बोलावलाय, पोर चार वर्षांची घोडी झाली, लोक काय म्हणतील. ओसरीत पाट मांडला. सोनार आला, त्याने सोन्याची तार काढली, वाटीत हळद घेतली. माझा भाऊ मांडी घालून बसला. सासरे खांबाला टेकून बसले होते, नवी टोपी घालून. मुलीला मी कडेवर घेऊन आले, कानटोपीसकट. ती सोनाराकडे बघेना, मामाकडे बघेना. ती सासूबाईंकडे बघत होती. सासूबाईंच्या हातात ताटली होती, तिच्यावर फडकं झाकलेलं. खाली पेढे होते.

"ये बेटा, मामानी मांडीवर बठ. काहीच दुखत नही," सासूबाई म्हणाल्या. "कान व्हई ग्यात का मंग तुले गोड खावाले देसू."

माझ्या मुलीने त्या फडक्याकडे बघितलं. मग आजोबांकडे. कितीतरी दिवसांनी ती सरळ त्यांच्याकडे बघत होती. आणि ओरडून नाही, रडून नाही, अगदी हळू आवाजात तिने विचारलं,

"मन्हा कान मलेच खावाले देशात का? भाऊले दिन्हा तसा? गोळा करीसन?"

सोनाराच्या हातातली तार तशीच. माझा भाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला काहीच माहीत नव्हतं. तिने बघितलं होतं. पहिला कान, भाकर, तूप, ती बोटं, तो गोळा, सगळं ट्रॉलीमागे उभं राहून बघितलं होतं. आणि त्याच संध्याकाळी त्याच हाताने तसाच गोळा करून, हसत, तिला हाक मारली होती. एवढे दिवस तिला वाटत होतं की आता आपली पाळी. आम्ही रोज मजेत म्हणत होतो, आता तुझ्या कानांची बारी.

सासूबाईंनी ताटली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांच्यावर ओरडायचं असं मी किती दिवस मनात साठवलं होतं, ते सगळं जिभेशी आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. त्यांचं तोंड उघडं होतं. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मग खांबाला धरून उठले, चपला न घालता खळ्यात गेले आणि बाजेवर बसून राहिले. त्यांची पाठ हलत होती. माझ्या सासऱ्यांना मी तोवर रडताना बघितलेलं नव्हतं. नवरा जागचा उठला, बापाकडे गेला आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसला. पिल्लू जाऊन दोघांच्या मधे चढलं.

सोनाराला चहा देऊन पाठवलं. कान टोचले गेले नाहीत. अजूनही टोचलेले नाहीत आणि आमच्या घरात कुणी तो विषय काढत नाही. सासूबाईसुद्धा नाही.

त्या दिवशी संध्याकाळी सासऱ्यांनी गोळा केला नाही. भाकर ताटात तशीच घेऊन बसले. मग खूप हळू, जेमतेम ओठ हलवून, खळ्याच्या पार टोकाला असलेल्या पिल्लाला म्हणाले, "आठे ये." पिल्लू उठून धावत आलं. दारातून मुलगी बघत होती. तिने ते बघितलं आणि दोन पावलं पुढे आली.

"त्याले ऐकू येस?"

"येस, बाई," ते म्हणाले. तिच्याकडे न बघता. "मन्हं चुकनं."

बस, एवढंच. ती आत पळाली. पण दुसऱ्या दिवशी तिने पिल्लाला साध्या आवाजात हाक मारली. आणि पुढे केव्हातरी उकाड्यानेच असेल, कानटोपी डोक्यावरून उतरली.

आता पिल्लू पिल्लू राहिलेलं नाही. डोक्यावर कानांच्या जागी दोन खुंट आहेत. तेज वगैरे काही झालेलं नाही. ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला की बाजेखाली शिरतं. बिबट्या आलाच तर आम्हालाच त्याला वाचवावं लागेल. मुलगी झोपताना पुन्हा माझा कान धरते. दुखतो. मी धरू देते.

आणि ती पुन्हा आजोबांच्या ताटात जेवते. पहिल्यांदा गेली तेव्हा मी मशीन थांबवून बघत होते. सासऱ्यांनी भाकर कुस्करली, तूप घातलं, गूळ घातला, गोळा केला आणि तळहातावर ठेवून हात पुढे केला. ती मांडीवर बसली नाही, समोर बसली. तोंड उघडलं नाही. गोळा त्यांच्या हातातून उचलला, ताटात ठेवला आणि दोन्ही अंगठ्यांनी मधोमध फोडला. आत बघितलं. भाकरीचा कण न् कण बोटाने बाजूला करून बघितला. मग खाल्ला.

ती आता मांडीवरही बसते, हसते, त्यांची टोपी ओढते. पण गोळा रोज फोडून बघते, आणि तिचं बघून होईपर्यंत सासरे हात तसाच पुढे धरून थांबतात.